तेलात कालवलेलं कुंकू

माझं विमान पडलं त्याला आता दोन पावसाळे झाले, तरी आर्णीच्या बसस्टँडवर कोणी ना कोणी भेटतंच. "तूच ना वो ती, वावरात विमान घातलं ते?" हो, मीच ती. आणि विमान घातलं नाही, उतरवलं. घातलं असतं तर हे बोलायला मी उरले नसते. हा फरक मी प्रत्येकाला समजावून सांगते, समोरच्याचा चहा थंड झाला तरी सोडत नाही.

पण लोकांना तो फरक नकोच असतो. ते जरा जवळ सरकतात, आवाज उतरवतात आणि विचारतात, "पूजा तुह्या मायनं केलती म्हने?" इथे माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला नाही त्यानं निदान मला बसस्टँडवर अडवू नये.

यवतमाळजवळच्या धावपट्टीवर एक छोटं केंद्र आहे, तिथे मी पोरापोरींना विमान चालवायला शिकवते. गाव आमचं आर्णीकडचं. माझी माय गावात चक्की चालवते आणि आठ एकर वावर पाहते. मी आठवीत असताना बाबा गेले, झोपेतच, कोणाला काही कळायच्या आत. एकट्या बाईची पोरगी पायलट झाली कशी, असं विचारणारेही भेटतात. त्यांना मी उलट त्यांच्या जावयाचा पगार विचारते, मग विषय आपोआप बदलतो.

बाबा गेले त्या दिवसापासून मायनं कुंकवाला हात लावला नाही. कोणी तिला मनाई केली नव्हती. आमच्याकडे मनाई करावी लागतच नाही, बायका नुसत्या सरकून बसतात. संक्रांतीला हळदीकुंकू असलं की माय वाण भरून द्यायची, गहू दळून द्यायची, सतरंजी अंथरायची, आणि बायका आल्या की मागच्या खोलीत जाऊन बसायची. लहानपणी मला वाटायचं तिला गर्दी आवडत नाही. मोठी झाल्यावर कळलं, तिला गर्दी फार आवडते.

दसऱ्याला आमच्या केंद्रात विमानांची पूजा असते. ट्रॅक्टरची होते, चक्कीची होते, मग विमानाची का नको? झेंडूचे हार, नारळ, पंख्याच्या पात्याला हळद, चाकाखाली लिंबू. दरवर्षी कोणाची तरी बायको ताट धरायची. त्या वर्षी मी मायला बोलावलं होतं, विमान बघायला म्हणून. ती नवं लुगडं नेसून आली, सोबत मोठी आईही आली. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. ताट सहज तिच्याकडे गेलं. मी ते तिच्या हातून घेतलं आणि मायच्या हातात दिलं.

"मी नाही वो," माय म्हणाली. "मोठ्या बाई आहे ना."

"हे विमान मी चालवतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायाही "चालवतो" म्हणतात, मायशी बोलताना माझ्याही तोंडी तेच येतं. "माह्या विमानाची पूजा माही माय करन. नाही तर कोनीच नाही करनार."

सगळे बघत राहिले. मोठ्या आईनं ओठ आवळले, पण सणासुदीला वाद नको म्हणून गप्प बसली. मायनं ताट दोन्ही हातांनी धरलं. मग तिनं ताटाकडे पाहिलं आणि तिच्यातली चक्कीवाली जागी झाली. धावपट्टीवर वारा होता, कुंकू ताटातच उडत होतं. "हे असं कोरडं ठरनार नाही. तेल आना थोडं," ती म्हणाली. कोणीतरी दिव्याचं तेल आणलं. तिनं कुंकू त्यात कालवलं, घट्ट केलं, वर तांदळाची कणी टाकली आणि विमानाभोवती फिरायला लागली. नाकावर लावलं, पंखांवर लावलं, चाकांवर लावलं. दाराच्या पुढे विमानाच्या कुशीत एक गोल चकचकीत चकती असते, टिकलीएवढी, मधोमध बारीक भोक. बघितलं तर वाटावं, ही जागा टिळ्यासाठीच ठेवली आहे. मायनं अंगठ्यानं दाबून तिथे टिळा लावला, आणि इतक्या वर्षांनी मी तिला पहिल्यांदा हसताना, तोंडावर पदर न घेता हसताना पाहिलं. त्या दिवशी कोणी मला म्हटलं असतं की हे पुसून टाक, तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी विमान धुतलं. ती चकती मी स्वतः पुसली, वाकून पाहिली, भोक मोकळं दिसलं. तेलात बसलेली एक कणी आत गेली होती, ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

त्या भोकाचं काम काय ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. त्यातून बाहेरची हवा आतल्या नळीत जाते. जितकं वर जाल तितका हवेचा दाब कमी. त्या दाबावरूनच उंचीचा काटा उंची सांगतो, चढ-उताराचा काटा चढ-उतार सांगतो, वेगाच्या काट्यालाही तोच दाब लागतो. भोक बुजलं की तिन्ही काटे एकदम खोटं बोलायला लागतात, आणि गंमत अशी की अगदी खात्रीनं बोलतात. नव्या विमानात असं झालं तर बाहेरची नळी सोडून आतली हवा घ्यायची कळ असते. आमचं विमान जुनं, त्यात ती नव्हती.

दोन दिवसांनी मला शेजारच्या जिल्ह्यात विमान न्यायचं होतं, एकटीनंच. जाताना सगळं सुरळीत झालं. तिकडे विमान उभं असताना परतीच्या पावसाची जोरदार सर आली. त्या पाण्यानं आतली कणी फुगली असणार, हे नंतर कळलं. निघाले तेव्हा आभाळ उघडलं होतं, काटे चालत होते. अर्ध्या वाटेवर डोंगरांच्या अलीकडे ढग खाली उतरले. मी वळसा घेतला, तिकडेही ढग. मागे वळून पाहिलं तर आलेली वाटही बंद झालेली.

अशा वेळी खाली उतरून ढगाखालून जायचं असतं. मी इंजिन थोडं कमी केलं, नाक थोडं खाली घेतलं आणि उंचीच्या काट्याकडे पाहत राहिले. काटा अडीच हजार फुटांवर होता. तो तिथेच राहिला. मी अजून खाली घेतलं. काटा हललाच नाही. चढ-उताराचा काटा शून्यावर ठाण मांडून बसलेला. आणि वेगाचा काटा मात्र वर चाललेला, जणू मी विमान तुफान पळवते आहे.

तोंडचं पाणी पळालं, हे कबूल करते. बाहेर पांढऱ्या कापसाच्या ढिगात डोकं खुपसल्यासारखं, वर-खाली काही कळत नाही. वेग वाढतोय असं दिसलं की हात आपोआप नाक वर उचलतो. मी उचललंही. तेवढ्यात वेग फार कमी झाल्याचा भोंगा वाजायला लागला. भोंग्याचं त्या भोकाशी काही नातं नाही, तो पंखाच्या कडेवरच्या वाऱ्यावर चालतो. आता काटा म्हणतोय वेग जास्त, भोंगा म्हणतोय वेग कमी. काटा म्हणतोय तू आहेस तिथेच आहेस, आणि माझ्या कानांना दडे बसत होते, जसे घाटात एसटी भराभर उतरताना बसतात.

त्या क्षणी मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग आला, खरंच सांगते. तीन काटे मिळून मला खोटं सांगत होते आणि मी त्यांचं ऐकून मरावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी मोठ्यानं शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, आमच्या गावात बायकांनी द्यायची नसते. मग काटे सोडले आणि भोंग्याचं ऐकलं. नाक खाली घेतलं, इंजिन वाढवलं, विमान आडवं आहे की कलतंय हे दाखवणारं यंत्र शाबूत होतं, त्याच्यावर नजर लावली. कप्प्यात स्टीलची टॉर्च होती. ती काढून मी चढ-उताराच्या यंत्राच्या काचेवर मारली. पहिल्या फटक्यात तडा गेला, दुसऱ्या फटक्यात काच फुटली. त्या फुटक्या काचेतून आतली हवा नळीत शिरली आणि काटे एकदम जागे झाले. उंचीचा काटा जिन्यावरून घसरल्यासारखा खाली आला. जमिनीपासून मी गावातल्या पाण्याच्या टाकीहून फार वर नव्हते.

ढग फाटला तेव्हा समोर तूर होती, तिच्यापलीकडे विजेच्या तारा, आणि उजव्या हाताला कापलेल्या सोयाबीनचं मोकळं वावर. ओढा नव्हता, विहीर दिसली नाही. मी तिकडे वळले. चाकं टेकली तेव्हा वाटलं, झालं, जिंकले. पण आमची काळी माती ओली झाली की काय करते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढचं चाक रुतलं, विमान नाकावर उभं राहिलं आणि सावकाश उलटं झालं. मी पट्ट्यात उलटी लटकत राहिले.

त्या वावराची मालकीण ताडपत्रीखाली सोयाबीनच्या गंजीजवळ पाऊस थांबायची वाट बघत बसली होती. ती विळा घेऊन धावत आली आणि आधी मला म्हणाली, "हालू नोको, पट्टा कापतो." मग पट्टा कापला. नंतर मला बाहेर ओढून गंजीला टेकवून बसवलं आणि विचारलं, "कोनाची वो तू?" मी मायचं नाव सांगितलं. एवढं आठवतं, पुढचं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलेलं, दोन बरगड्या दुखावलेल्या, डावा हात गळ्यातल्या झोळीत. खाटेजवळ मोठी आई बसली होती. तिच्याबद्दल उगाच वाईट लिहिणार नाही. ती सगळे दिवस तिथे राहिली, मला भरवलं, माझे केस विंचरले, नर्सशी भांडली. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी संत्र सोलता सोलता तीच म्हणाली, "बाई, राग मानू नोको. पन तुह्या मायनं कुंकू हातात घ्याले नोको होतं. असे नियम कायले असतेत? काही तरी असनच ना."

मी म्हटलं, "माय कुठे आहे?"

"बाहेर आहे."

माय बाहेरच होती. सगळे दिवस बाहेरच होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, डबा मोठ्या आईच्या हातून आत पाठवायची, दारातून मला बघायची. मी हाक मारली की दारापर्यंत यायची. त्याच्या पुढे नाही. मी हात पुढे केला तर ती पदर सावरायला लागायची. घरी आले तरी तेच. ताट मी बसायच्या आधी मांडलेलं असायचं. अंघोळीला मदत करायला शेजारीण यायची. ज्या हातांनी मला लहानाचं मोठं केलं ते हात माझ्यापासून लपवले जात होते, आणि घरात त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नव्हतं. बरगड्या दुखायच्या ते मी सहन करत होते. हे मला सहन होत नव्हतं.

महिनाभरानं केंद्रातला आमचा इंजिनिअर घरी आला. नागपूरचा, माझ्याच वयाचा, शब्द जपून वापरणारा. माय चक्कीवर होती. तो म्हणाला, "मॅडम, भोकात काय होतं ते कळलं. तेलकट कुंकू आणि तांदळाची कणी."

मला एकाच गोष्टीची धास्ती बसली: आता मायला हे कळलं तर ती माझ्या सावलीलाही उभी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. सज्जन माणूस. ते म्हणाले, "विमान चिखलात उलटं पडलं होतं. भोकात मातीही असेलच. चौकशीच्या अहवालात आपण मातीवर भर देऊ. तुमच्या आईंना कशाला त्रास?" त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं हे मला कळत होतं. मी विचार करते म्हटलं आणि फोन ठेवला.

विचार केला तसा राग वाढत गेला. माती म्हटलं तर काय होईल? विमान पडायचं खरं कारण कोणालाच कळणार नाही. आणि कारण कळलं नाही की गावाकडे एक कारण तयारच आहे: विधवेचा हात. त्याला उत्तर काय द्यायचं? त्याला उत्तरच नसतं, कारण तो हात नळीत सापडत नाही, यंत्रावर मोजता येत नाही. माय मरेपर्यंत अपशकुनीच राहील. पण खरं सांगितलं, की कुंकवानं भोक बुजलं, तर ती एका चुकीची धनी होते. चूक कोणाच्याही हातून होते. सवाशिणीच्या अंगठ्यानंही भोक तितकंच बुजतं. खोट्यानं तिला वाचवायला निघालेले सगळे तिला कायमचं त्या बाकावर बसवत होते. मी फोन केला आणि सांगितलं, जे सापडलं तेच लिहायचं, कुंकू म्हणजे कुंकू.

मग मायला सांगायचं होतं. ती संध्याकाळी चक्की बंद करून आली, पदरावरचं पीठ झटकलं आणि नेहमीसारखी दाराशीच बसली. मी सगळं सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती.

"म्हंजे माह्याच हातानं झालं," ती म्हणाली.

"हाव. तुह्या कुंकवानं झालं. तुह्या नशिबानं नाही झालं. तेल नसतं तर ते उडून गेलं असतं. पानी नसतं आलं तर कणी फुगली नसती. बाबा असते अन् तूच टिळा लावला असता, तरी माहं विमान पडलंच असतं."

"तू माही पोरगी आहे म्हनून म्हनून राह्यली."

"मी पायलट आहे म्हनून म्हनून राह्यलो."

तिला ते पटलं नाही. मला दिसत होतं, पटलं नाही. ती उठली, भाकरी टाकायला गेली. मला वाटलं, हरले. रात्री जेवताना पुन्हा ताट आधीच मांडलेलं, पाण्याचा तांब्या आधीच भरलेला.

मायला वेळ लागतो. ती काही दिवस गप्प होती, पण नुसती गप्प नव्हती, विचार करत होती. चक्कीचा पट्टा घसरायला लागला की ती अशीच गप्प होते. मग एका सकाळी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ते विमान अजून आहे काय तिथं?"

चौकशीवाल्यांचं काम आटोपलं होतं, मोडकं विमान केंद्राच्या शेडच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. आहे म्हटलं.

"मंग मोठ्या बाईले घेऊन चाल. अन् तुह्या त्या इंजिनिअरले म्हन, ते काटे हालवून दाखवता येते का पाह्य."

मला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा मी झोळीतला हात विसरून उठले आणि बरगडीत अशी कळ आली की परत खाली बसले.

मोठी आई यायला तयार नव्हती. "मले कायले नेता? मी काय पाहून राह्यलो तिथं?" पण माय तिला आजवर कधी काही मागायला गेली नव्हती. यावेळी मागितलं, म्हणून ती आली.

इंजिनिअरनं सगळी तयारी केली होती. फुटकं यंत्र काढून त्याची नळी बंद केलेली. त्यानं एक रबरी नळी त्या चकतीवर दाबून बसवली, दुसऱ्या टोकाला पिचकारी लावून अगदी हळू ओढली. उंचीचा काटा वर चढला. सोडली, काटा खाली आला. माय डोळे बारीक करून बघत होती, जशी दळण बारीक आलं की जाडं ते बघते.

मग तिनं पिशवीतून एक डबी काढली. घरून आणली होती. तेलात कालवलेलं कुंकू, वर कणी, या वेळी आधीच पाण्यात भिजवून फुगवलेली. ती मोठ्या आईसमोर धरून म्हणाली, "बाई, तुमी लावा."

"मी?"

"तुमी सवाशीन आहे. तुमच्या हाताले काही दोष नाही. त्या गोल चकतीवर लावा. मी लावला तसा, दाबून."

मोठी आई मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघत होते. तिला वाटत होतं तिला फसवतायत, आणि खरं तर कोणी फसवत नव्हतं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. इंजिनिअर म्हणाला, "लावा काकू, हे विमान आता उडायचं नाही." शेवटी तिनं डबीत अंगठा बुडवला. हिरव्या बांगड्या वाजल्या. तिनं चकतीवर टिळा लावला, छान, गोल, दाबून. सवयीनं दोन्ही हात जोडले.

इंजिनिअरनं बाहेरून कुंकू पुसलं. चकती आधीसारखी चकचकीत दिसायला लागली. त्यानं नळी बसवली, पिचकारी ओढली. काटा हलला नाही. त्यानं पुन्हा ओढली. काटा तिथेच.

मोठी आई काट्याकडे बघत होती, मग आपल्या अंगठ्याकडे. तिचा चेहरा उतरला तेव्हा मला तिची कीव आली, आणि ती कीव मी लपवली नाही. पण मला आनंदही झाला. तोही लपवत नाही.

मायनं इंजिनिअरकडून बारीक तार मागून घेतली. चष्मा लावला, वाकली आणि भोकात तार घालून सावकाश कोरायला लागली. घाई केली नाही. लाल तेलकट गाठ बाहेर आली, तिच्यात पांढरी कणी. तिनं ती पदराला पुसली आणि म्हणाली, "आता ओढ." त्यानं ओढली. काटा वर चढला.

"पाह्यलं काय बाई?" माय म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. तो मी कधी ऐकला नव्हता, इतक्या वर्षांत एकदाही नाही. "तुमच्या हातानं अडलं, माह्या हातानं सुटलं. त्या भोकाले कोनी विचारलं नाही का हे कोनाच्या कपाळावर काय आहे. मंग तुमी काहून विचारलं? मी माह्या लेकरापाशी बसली नाही, तिले पानी पाजलं नाही. तुमी म्हनलं अन् मी ऐकलं. आता पुन्हा नाही ऐकनार."

मोठी आई म्हणाली, "मले काय माहीत बाई." आणि थोड्या वेळानं, हळू, "मीबी ऐकलेलंच बोललो." ते दोघींचं आहे, त्यात मी पडले नाही.

मी तेव्हा सहा महिने जमिनीवर होते. मग परीक्षा दिल्या, डॉक्टरांचे कागद आले, आणि मी पुन्हा उडायला लागले. आजही उडते, पावसाळ्यातही. दसऱ्याला आम्ही विमानाला हार घालतो, नारळ फोडतो, आणि त्या चकतीपाशी कोणालाही फिरकू देत नाही, सवाशीण असो की आणखी कोणी. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी ते भोक दाखवते आणि ही गोष्ट सांगते. मायचं नाव घेऊन सांगते. तिची परवानगी आहे.

आणि त्या दिवशीचं एवढंच राहिलं. शेडमधून बाहेर आलो, गाडीपाशी पोचलो. माय माझ्या समोर आली आणि थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग तेलाकुंकवाचे हात तसेच पुढे करून माझ्या मानेमागची गाठ सोडली, झोळी वर उचलली, हात नीट आत बसवला आणि गाठ पुन्हा बांधली, घट्ट.

"कोनं बांधून देल्लं हे तुले?" ती म्हणाली. "ढिलं होतं."